वेगाच्या होड्या आणि त्यांचे कारागीर

दरवर्षी चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याचा सांगोड पाहायला आपल्यापैकी बरेचजण जातात. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्यांचा मंच करतात, त्यावर पौराणिक देखावे उभे राहतात आणि बाप्पा पाण्याच्या वाटेने निरोप घेतो. काठावरचा प्रत्येकजण देखावा पाहतो. खालच्या होड्या कोणी बांधल्या, हे सहसा कोणी विचारत नाही. यंदा स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा आमच्या मनात हाच न विचारलेला प्रश्न होता. त्याचा माग काढत आम्ही फार दूर, इटली आणि अमेरिकेपर्यंत पोहोचलो. गंमत अशी की तिथून वाट पुन्हा आपल्या मुंबईलाच आली.

आमच्या पिढीचे होडीशी नाते फेरीबोटीमुळे जुळले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा आमच्यातले थोरले जेमतेम प्राथमिक शाळेत होते. पणजी आणि बार्देश यांच्यामधली वाट एका दिवसात तुटली आणि पुढची काही वर्षे माणसे, भाजी, दूध, लग्नाची वऱ्हाडे असे सगळे फेरीबोटीतूनच ये-जा करू लागले. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन फुगायची, बोट प्रवाहाला तिरकी लागायची आणि इंजिनाचा आवाज बदलायचा. मोठी माणसे त्या क्षणी बोलायची थांबत. बोट धक्क्याला लागली की पुन्हा गप्पा सुरू.

पुढे आमच्यापैकी काहीजण तंत्रनिकेतनात गेले. तिथे इंजिन उघडून जोडायला शिकलो. पण होडीचा तळ कसा असावा, तो तसाच का असावा, हे कोणी शिकवले नाही. वेगवान होडीचा सारा इतिहास मात्र तळाचाच इतिहास आहे. इंजिन पुष्कळांना मिळाले, तळाचे कोडे थोड्यांनाच सुटले.

साधी होडी पाणी बाजूला सारत चालते. तिचा वेग बराचसा तिच्या लांबीवर ठरतो. त्यापुढे कितीही मोठे इंजिन बसवा, ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला धडपडते आणि नुसते तेल जळते. वेग हवा असेल तर होडीने पाण्यातून जाण्याऐवजी पाण्यावर चढले पाहिजे. लहानपणी चपटा खडा तिरका फेकला की तो टप्पे घेत जायचा, तसे. त्यासाठी तळ सपाट असला की होडी लवकर वर उचलली जाते. पण सपाट तळाचे सुख शांत पाण्यापुरतेच. समुद्रावर लाट आली की तो तळ लाटेवर असा आपटतो की आतल्या माणसाच्या कण्याला हिसके बसतात आणि फळ्यांचे सांधे सुटतात. वेग घ्यावा तर होडी फुटते, होडी जपावी तर वेग जातो. विसाव्या शतकातली पहिली साठ वर्षे नौकाकार याच पेचात होते.

सुरुवातीच्या काळात हा पेच ताकदीने सोडवायचा प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अल्गोनॅक नावाचे छोटे गाव आहे. तिथे ख्रिस स्मिथ हा बदकांच्या शिकारीसाठी होड्या बांधणारा सुतार होता. त्याच्याच कारखान्यातून पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ हे प्रसिद्ध नाव आले. गार वुड या उद्योजकाने त्याच्याशी भागीदारी करून शर्यतीच्या होड्या बांधल्या. १९३२ साली वुडच्या ‘मिस अमेरिका १०’ या होडीने ताशी १२४ मैल, म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटरचा वेग गाठला. त्यासाठी तिच्यात विमानाची चार इंजिने बसवली होती! अर्थात हा वेग नदीच्या शांत पाण्यावरचा. खुल्या समुद्रात अशा होडीचा निभाव लागला नसता.

वेग म्हणजे श्रीमंतांची चैन, असे कोणाला वाटेल. त्याला उत्तर इंग्लंडमध्ये मिळते. अरबस्तानातल्या मोहिमेमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स नंतर नाव बदलून ब्रिटिश हवाई दलात साधे सैनिक म्हणून राहत होते. १९३१ साली प्लिमथजवळ त्यांच्या डोळ्यांदेखत एक उड्डाणनौका समुद्रात कोसळली. पडलेल्या वैमानिकापर्यंत पोहोचायला दलाच्या जुन्या संथ होड्या उपयोगाच्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. हाईथ येथे ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांच्या कारखान्यात वेगवान होड्या तयार होत होत्या. त्यांच्या चाचण्यांमध्ये लॉरेन्स तेलाने हात काळे करून राबले. या घराण्यातल्या वेगवान नौकांनी दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या हजारो वैमानिकांना बाहेर काढले. होडी किती वेगाने येते यावर कोणाचा तरी मुलगा घरी परतणार की नाही हे ठरत होते.

युद्ध संपले आणि लाकडी होडीचे सर्वांत देखणे दिवस आले. उत्तर इटलीत इझेओ तलावाच्या काठी सार्निको गावात रिव्हा घराण्याचा पिढीजात कारखाना होता. कार्लो रिव्हा यांनी १९६२ मध्ये ‘अॅक्वारामा’ ही होडी आणली. महॉगनी लाकूड, त्यावर एकामागून एक घासून चढवलेले व्हार्निशचे वीसेक थर आणि आत दोन व्ही-८ इंजिने. सिनेतारकांपासून उद्योगपतींपर्यंत साऱ्यांनी ती घेतली. आजही जगात कुठे जुन्या होड्यांचा मेळा भरला की गर्दी तिच्याभोवती जमते. आपल्याकडे जुन्या सतारीच्या भोपळ्यावर हात फिरवताना जाणकार जसा गप्प होतो, तशी माणसे त्या लाकडाकडे पाहतात.

पण अॅक्वारामा मुख्यतः तलावाची आणि शांत किनाऱ्याची राणी होती. उसळत्या समुद्राचे कोडे सोडवले ते अमेरिकेच्या रेमंड हंट यांनी. त्यांनी तळाला खोल ‘व्ही’चा आकार दिला. हा आकार नाळेपाशी तर पूर्वीही असायचा, पण मागे जाताना तळ सपाट होई. हंट यांनी तो उतार सुमारे २४ अंशांचा ठेवून थेट मागच्या टोकापर्यंत नेला आणि तळाला लांबीने पट्ट्या मारल्या. लाटेवर पडताना तळ आपटण्याऐवजी कुऱ्हाडीच्या पात्यासारखा आत शिरू लागला आणि पट्ट्यांमुळे पाणी खाली दाबले जाऊन होडी वर उचलली जाऊ लागली. एप्रिल १९६० मध्ये मायामी ते नासाउ या शर्यतीत समुद्र खवळला असताना रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही ३१ फुटी होडी इतरांना तासन्‌तास मागे टाकून पोहोचली. होड्यांचे जग त्या दिवशी बदलले. मात्र पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या होड्यांवर नाव लागले बर्ट्रम यांचे. आकार ज्याच्या डोक्यातून आला त्या हंट यांना आजही नौकाशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी ओळखत नाही.

आणि आता मुंबई. याच सुमारास खोल ‘व्ही’ तळावर काम करणाऱ्यांत एक नाव होते रेनातो लेव्ही. सगळे त्यांना सनी म्हणत. वंशाने इटालियन, पण जन्म १९२६ साली कराचीचा. युद्धकाळात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि शिक्षण विमानशास्त्राचे. पन्नाशीच्या दशकात ते मुंबईत ‘अफको’ या नौकाबांधणीच्या कारखान्यात होड्यांचे आराखडे करीत होते. विमानाचा पंख हवेत कसा उचलला जातो हे शिकलेला माणूस अरबी समुद्राच्या लाटांवर होडी कशी उचलली जाईल याचा विचार करू लागला. मुंबईच्या किनाऱ्यावर त्या काळी धाऊ, मचवे, पडाव येत-जात असत. शेकडो वर्षे लाटेशी जुळवून घेत घडलेले हे आकार रोज डोळ्यांसमोर होते. १९७१ मध्ये लेव्हींनी आपल्या कामावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘धाऊज टू डेल्टाज’. धाऊपासून डेल्टापर्यंत! आपल्या प्रवासाची सुरुवात कुठे झाली, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले.

१९६० मध्ये ते इटलीत आंत्सियो येथील नव्हालटेक्निका कारखान्यात गेले. तिथे घडलेल्या ‘आ स्पेरांझिएला’ या होडीने १९६३ साली इंग्लंडची काउझ ते टॉर्की ही प्रतिष्ठेची सागरी शर्यत जिंकली. फियाटचे जियानी आन्येली यांनी त्यांच्याकडून होड्या करून घेतल्या. १९६७ मध्ये त्यांच्याच आराखड्यावरच्या ‘सरफ्युरी’ने तीच शर्यत जिंकली. तिच्यात दोन इंजिने शेजारी शेजारी न ठेवता एकामागे एक बसवली होती, त्यामुळे होडी अरुंद ठेवता आली. वरून पाहिले तर पुढे निमुळती आणि मागे रुंद, म्हणजेच ‘डेल्टा’, ही लेव्हींची खूण. पाण्याबाहेर अर्धा राहून फिरणारा पंखा वापरून वेग वाढवण्याच्या तंत्रातही त्यांनी मोलाचे काम केले.

या होड्यांमधल्या अनेकींचे अंग फळ्या ठोकून केलेले नव्हते. लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर तिरपे लावायचे, त्यावर सरस लावून उलट दिशेने दुसरा थर, मग तिसरा. सुकले की सगळे मिळून एकसंध कवच होते. सांधा नाही, म्हणून सांधा सुटण्याची भीतीही नाही. या कामात यंत्रापेक्षा हाताची पारख मोठी. पापुद्रा कुठे वाकेल, कुठे चिरेल, हे बोटांना कळावे लागते. आपल्या मेस्तांना हे सांगायला नको. फणसाच्या फळीवर नुसता हात फिरवून ती कुठे दगा देईल हे सांगणारे मेस्त आपण पाहिले आहेत.

जून १९८६ च्या अखेरीस लेव्हींनी आराखडा केलेली ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २’ ही ७२ फुटी नौका अटलांटिक महासागर ओलांडून गेली. वेळ लागला ३ दिवस ८ तास ३१ मिनिटे. ‘युनायटेड स्टेट्स’ या अजस्र प्रवासी जहाजाचा १९५२ चा विक्रम तिने सुमारे दोन तासांनी मोडला. ही प्रवासी जहाज नाही, म्हणून मानाचा चषक तिला नाकारला गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले ते मालक रिचर्ड ब्रॅन्सन यांचे. आणि याच्या थोड्याच दिवसांनी इकडे मांडवीचा पूल कोसळला. एकीकडे कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या माणसाची होडी महासागर जिंकत होती, तर दुसरीकडे आमची सगळी दुनिया एका संथ, सपाट फेरीबोटीवर उभी होती. त्या दोन होड्यांत काही नाते आहे, हे आम्हाला कळायला पुढे कित्येक वर्षे लागली.

लेव्ही २०१६ मध्ये गेले, कार्लो रिव्हा २०१७ मध्ये. आज वेगवान होडी म्हणजे फायबरची. साच्यातून काढा, रंग द्या, विका. त्यात वाईट काही नाही. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि आपल्या मच्छीमार बांधवांचा देखभालीचा खर्चही त्याने वाचवला. पण साचा ज्यावरून निघाला तो मूळ आकार कोणाच्या तरी हातांनी लाकडात शोधलेला असतो, एवढे लक्षात ठेवायला काय हरकत आहे? सार्निकोच्या लोकांनी ते लक्षात ठेवले. तिथे जुन्या होड्या नावानिशी जपल्या जातात, व्हार्निशचा थर पुन्हा चढवायला जाणती माणसे आहेत. लेव्हींचे नाव युरोपात आदराने घेतात, आपण मात्र ज्या शहराने त्यांना समुद्र शिकवला त्या शहराच्या इतक्या जवळ राहून ते ऐकलेलेही नसते. आणि तिथल्या कारखान्यात त्यांच्या रेषा लाकडात उतरवणाऱ्या सुतारांची नावे तर कुठल्याच शर्यतीच्या निकालात छापली गेली नाहीत.

आपली गोष्टही वेगळी नाही. नदीकाठच्या कितीतरी वाड्यांवर होडी बांधणारे एखादे घर असायचे. त्यांच्याकडे कागदावरचा आराखडा नव्हता, माप डोळ्यात होते. ते डोळे मिटले की माप गेले. घरातल्या मुलांनी नोकऱ्या धरल्या, त्यात त्यांची चूक नाही. आम्हीही तेच केले. पण त्या घरी जाऊन, वयस्कर माणसांजवळ बसून दोन गोष्टी विचारून घेणे, होडीच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणायचे ते वहीत उतरवणे, एखादी कुजत पडलेली जुनी होडी मोजून तिचे चित्र काढून ठेवणे, इतके तर आपल्या हातात आहे. आपल्या मंडळात अभियंते आहेत, शिक्षक आहेत, सुट्टीत मोबाईल घेऊन फिरणारी मुलेही आहेत. पुढच्या चवथीपर्यंत एवढे एक काम अंगावर घ्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

यंदा सांगोड पाहायला गेलात, तर देखावा डोळे भरून पाहाच. पण एकदा नजर खाली, पाण्यालगत न्या. त्या दोन होड्या कोणी बांधल्या, हे शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या वृद्धाला विचारा. नाव कळले तर लिहून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!