रुमालाखालची भाषा

आमच्या रेणापूरकडे, किंबहुना लातूर जिल्ह्यात कोठेही, जनावरांच्या बाजारात फिरलेल्या माणसाने एक दृश्य हमखास पाहिलेले असते. देवणी खोंडाच्या शेजारी दोन माणसे समोरासमोर उभी आहेत. दोघांचे हात एका रुमालाखाली झाकलेले आहेत. रुमालाच्या आत बोटे धरली जातात, सोडली जातात. एक जण मान हलवतो, दुसरा पुन्हा बोटे चाचपतो. काही क्षणांत हजारोंचा सौदा ठरतो आणि भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. तोंडातून शब्द निघालेला नसतो, तरी त्या दोघांना कोणी मुके म्हणत नाही. उलट त्यांच्या व्यवहारचातुर्याचे कौतुकच होते.

त्याच बाजारात जन्मतः बहिरा असलेला एखादा मनुष्य बोटांनी भाव विचारू लागला, तर मात्र आपण चटकन म्हणतो, ‘जाऊ द्या, मुका आहे बिचारा.’ बोटे तीच, व्यवहारही तोच. मग एकाच्या बोटांना आपण भाषा समजतो आणि दुसऱ्याच्या बोटांना उणीव, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

ज्ञानसंपादनाला कान हे सर्वांत उपकारक इंद्रिय होय, असे ॲरिस्टॉटलने मानले. पुढच्या शतकांनी त्यातून सोयीस्कर अर्थ काढला, की ज्याला ऐकू येत नाही त्याला शिकवताही येत नाही. श्रद्धा ऐकण्याने येते, या संत पौलाच्या विचाराचाही काहींनी असाच शब्दशः अर्थ लावला. गंमत अशी, की हा समज खोटा पाडण्यात मठवासी आणि धर्मगुरूच पुढे होते. सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील बेनेडिक्टाइन मठात पेद्रो पोन्से दे लेऑन हे संन्यासी राहत. मौनाच्या काळात हातांच्या खुणांनी बोलण्याची वहिवाट मठांतून जुनीच होती. वेलास्को या उमराव घराण्यातील बहिऱ्या मुलग्यांना पोन्से यांनी लिहायला, वाचायला, बोलायलाही शिकवले. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या बहिऱ्या तरुणाला खुणांच्या साह्याने धर्मशिक्षण दिले आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. बहिऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांना मान मिळाला, तो यामुळेच.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंची दोन बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. त्यांना शिकवताना आबेंच्या ध्यानात आले, की बहिऱ्यांच्या हातांत भाषा आधीपासूनच आहे. शिक्षकानेच ती शिकून घ्यायला हवी. त्यांनी काढलेली शाळा गरिबांच्या मुलांसाठीही मोफत होती. 1789 मध्ये ते निवर्तले आणि 1791 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने त्यांच्या शाळेला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा दिला.

बहिऱ्यांना कसे वाटते, हे मात्र बहिऱ्यांनीच सांगितले पाहिजे. झाँ मास्यू (1772–1846) हा बोर्दो शहराजवळच्या खेड्यातला मेंढ्या राखणारा पोर. घरातली सहाही भावंडे बहिरी. गावची मुले शाळेत जाताना तो पाही. मलाही पाठवा, असे त्याने वडिलांना खुणांनी विनवले. तुला ऐकू येत नाही, जमणार नाही, असे वडिलांनी खुणेनेच सांगितले. पोराने कानांत बोटे घातली आणि हे मोकळे करून द्या, म्हणून हट्ट धरला. एके दिवशी तो घरी न सांगता शाळेत गेला, तर मास्तरांनी त्याला हाकलून लावले. ही हकीकत मास्यूने मोठेपणी स्वतः सांगून ठेवली आहे. तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्याला बोर्दोच्या बहिऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढे तो पॅरिसच्या संस्थेत शिक्षक झाला. त्याचा बहिरा शिष्य लोराँ क्लेर 1816 मध्ये अमेरिकेस गेला आणि 1817 मध्ये हार्टफर्ड येथे बहिऱ्यांची शाळा उभी करण्यात त्याने गॅलोडे यांना साथ दिली. ज्याला शाळेतून हाकलले, त्याचाच शिष्य समुद्रापलीकडे शाळा काढतो, याहून चोख उत्तर कोणते?

मास्यूचे बहिरेपण जन्माचे होते. भाषा हाती आल्यानंतर कान जाणाऱ्यांचे दुःख वेगळे असते. आपल्या ओसरत्या श्रवणशक्तीविषयीची व्यथा बेथोवेनने 1802 मध्ये एका पत्रात लिहून ठेवली. 1824 मध्ये त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा श्रोत्यांच्या टाळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत. गायिकेने त्याचे तोंड प्रेक्षकांकडे वळवले, तेव्हा कोठे त्याला त्या दिसल्या.

पण अशा उदाहरणासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण वाचतो, त्यांच्या विद्वत्तेचे आणि करुणेचे गोडवे गातो. पण त्यांना ऐकू कमी येत होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? रमाबाईंची (1858–1922) विद्या कानांनी आलेली होती. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करताना आईच्या तोंडून ऐकून त्यांनी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना, भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. स्वतः वैद्यकी शिकावी, या हेतूने 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कान अधू होत चालल्यामुळे ते दार त्यांच्यासाठी बंद झाले.

ज्या कामाची गरज आपण आयोगापुढे कळकळीने सांगितली, तेच आपल्या हातून होणार नाही, हे पंचविशीच्या, वैधव्य आलेल्या, कडेवर लेक असलेल्या स्त्रीला परक्या देशात कळावे! त्या वेळी त्यांच्या मनात काय आले असेल? पण त्या थांबल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या. 1886 मध्ये अमेरिकेस जाऊन बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. उत्तरायुष्यात ऐकणे कमी कमी होत गेले, तेव्हा त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. ते काम त्यांच्या अखेरपर्यंत चालले. कानांनी मिळालेली विद्या त्यांनी डोळ्यांनी वाढवली आणि हातांनी वाटली.

हा योगायोगही लक्षात घ्यावा. रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या त्याच सुमारास, 1885 च्या आसपास, मुंबईचे जेझुइट बिशप लिओ म्यूरिन यांनी बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू केली. भारतातील अशा शाळांत ती पहिली गणली जाते. पुढे 1893 मध्ये कलकत्त्यास आणि त्यानंतर तिरुनेलवेलीजवळ पाळयंकोट्टै येथे शाळा निघाल्या.

दुर्दैवाने तो काळ प्रतिकूल होता. 1880 मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करावी, असा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या बहिऱ्या मुलांना ओठ पाहून बोलायला शिकवण्यातच शाळेचा वेळ गेला, आणि ज्यांना ते साधले नाही ती मुले मंदबुद्धी ठरली. या ठरावाबद्दल 2010 मध्ये व्हॅंकूवरच्या परिषदेने खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षे उशिरा!

आपल्या देशात 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. 2021 पर्यंत तिचा शब्दकोश दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. 2 मे 2024 रोजी केरळातील त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ थेर्मदम यांना गुरुदीक्षा मिळाली. जन्मतः बहिरे असलेले ते भारतातील पहिले धर्मगुरू. मार्टिनपासून थेर्मदमपर्यंतची ही वाट चारशे वर्षांची आहे.

या साऱ्यातून एकच गोष्ट मनात ठसते. रमाबाईंचे कान गेले, पण भाषा गेली नाही. मास्यूजवळ कान नव्हते, पण त्याची खरी उपासमार झाली ती कानांवाचून नव्हे. त्याला कोणी शिकवले नाही म्हणून. म्हणूनच ‘मूकबधिर’ हा आपला जोडशब्द दिशाभूल करणारा आहे. बहिरेपण शरीराचे असते. मुकेपण मात्र बहुधा आपणच लादलेले असते. घरातले मूल हाकेला वळत नाही, हे ध्यानात आल्यावर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत आपण वाट पाहतो. ती वर्षे भाषेची असतात आणि परत येत नाहीत. अशा मुलाला लवकर तपासावे, शाळेत घालावे, आणि आईबापांनी, भावंडांनी, शेजाऱ्यांनीही त्याच्या खुणा शिकून घ्याव्यात. मिस्सेच्या वेळी त्याला मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवू नये.

बैलाचा सौदा करायला आपण बोटांची भाषा शिकलो. आपल्याच लेकराशी बोलायला ती शिकणे काही अवघड नाही. फक्त रुमाल तेवढा बाजूला सारावा लागेल.