निधी, प्रतिज्ञा आणि सांगली

१/ १९९२. एचआयव्हीवर प्रभावी उपचार उपलब्ध नव्हते. प्रतिबंध हाच मार्ग होता. त्या वर्षी मीना शेषू यांनी सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था स्थापन केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच आपल्या वस्त्यांत निरोध वाटू लागल्या, एकमेकींना माहिती देऊ लागल्या. त्यांतूनच १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

२/ जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘पेपफार’ योजना जाहीर केली: ५ वर्षांत १५ अब्ज डॉलर. या योजनेतील औषधांनी पुढे लाखो प्राण वाचवले. मात्र त्याच वर्षीच्या कायद्यात एक अट होती. निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध हे आपले अधिकृत धोरण म्हणून लेखी मान्य करायचे.

३/ सांगलीपुढील पेच इथेच होता. ज्या स्त्रिया हे काम चालवत होत्या, त्यांच्याच उपजीविकेचा निषेध संस्थेने कसा करावा? आणि तो केल्यावर त्यांचा विश्वास कसा टिकावा? २००५ साली ‘संग्राम’ने अमेरिकी निधी नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच अटीमुळे सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले.

४/ २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या निकालाने मात्र परदेशी संस्थांना ते संरक्षण नाकारले. सांगलीसारख्या ठिकाणी अट कायमच राहिली.

५/ प्रतिबंधाच्या इतिहासात निधीचे आकडे सहज सापडतात. नाकारलेल्या निधीची नोंदही त्यांच्याशेजारी असायला हवी.