'धर्मात्मा' बोलपट : इतिहासाचें एक साधन

बखर वाचतांना आपण प्रथम दोन काळ निराळे करतों : एक, ज्या काळची हकीकत तींत आहे तो, दुसरा, ज्या काळीं ती लिहिली गेली तो. बोलपटास हाच नियम लावला असतां त्याची गणना केवळ करमणुकींत करून चालणार नाहीं, असें आमचें मत आहे. नाथांचें पैठण व आमचें हसनाबाद (ता. भोकरदन) हीं दोन्हीं गांवें १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होतीं; १९८१ सालीं जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत दोहोंचा जिल्हाहि एकच, औरंगाबाद. म्हणून पैठणच्या संतावरील बोलपटच उदाहरणास घेतों.

१९३५ सालीं पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनीं केली. मूळ नांव 'महात्मा' असें होतें. तें गांधीजींचें सूचक म्हणून सेन्सॉरनें अडविलें व 'धर्मात्मा' हें नांव घ्यावें लागलें. सोळाव्या शतकाची कथा विसाव्या शतकास उद्देशून सांगितली जात आहे, हें सरकारासहि उमगलें होतें, इतकें या नामांतरावरून सिद्ध होतें.

आतां कथेकडे वळूं. श्राद्धाचें अन्न ब्राह्मणांआधीं अस्पृश्यांस वाढणें व अस्पृश्याच्या घरीं जेवणें, हे प्रसंग महिपतींनीं अठराव्या शतकांत रचलेल्या चरित्रकथांतून परिचित आहेत. तेथें नाथ एकाच वेळीं स्वगृहीं व यजमानाच्या घरीं दिसतात. म्हणजे पेंच चमत्कारानें सुटतो. बोलपटाचा भर मात्र बहिष्कारावर, महंताच्या वैरावर व पुत्र हरिपंडित याच्या विरोधावर आहे. १९३२ चा पुणे करार व १९३३-३४ मधील गांधीजींचा हरिजन-दौरा पाहिलेल्या प्रेक्षकास चमत्काराहून संताचें धैर्य अधिक हवें होतें.

परंतु साधनांतील मौन हाहि पुरावाच होय. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवलें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपण हिंदू म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या या बोलपटांत रूढि मोडणारा ब्राह्मण संत आहे. अस्पृश्य हे त्याच्या करुणेचे विषय. नाशिकास काळारामाच्या दारीं १९३० पासून स्वतःच्या हक्कासाठीं उभा राहिलेला मनुष्य येथें नायक नाहीं. सुधारणेच्छु वरिष्ठवर्गाची सदिच्छा कोठवर पोंचली व कोठें थांबली, हें दाखविणारा याहून बोलका कागद मिळणें कठीण.

हीं साधनें फार नाजूक आहेत. त्या काळची नायट्रेटची फीत आपोआप कुजते व चटकन पेट घेते. फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं. तींहि १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. अस्सल कीं नक्कल, हा वाद आपल्या पूर्ण ओळखीचाच आहे. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तरी सर्व भार त्याजवर टाकणें योग्य नव्हे. जुन्या वाड्यांत दप्तराचे रुमाल सोडतांना बोलपटाच्या पदांची पुस्तिका किंवा जाहिरातीचें पत्रक हातीं आल्यास तें रद्दींत न टाकतां पोथीप्रमाणेंच नोंदून ठेवावें, अशी संग्राहकांस विनंति आहे.