नफा एकाचा, नोटीस दुसऱ्याला: व्होडाफोनच्या कराची गोष्ट

हचच्या जाहिरातीतला तो पग आठवतोय ना, पोराच्या मागेमागे धावणारा? २००७ मध्ये व्होडाफोनने ती हच विकत घेतली. किंमत सुमारे ११.१ अब्ज डॉलर.

आता गंमत बघा. टॉवर इथले, ग्राहक इथले, पण सौदा भारतात झालाच नाही. हाँगकाँगच्या हचिसन समूहाने केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकमेव शेअर विकला आणि व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने तो घेतला. त्या शेअरच्या पोटात एकात एक कंपन्या होत्या आणि सगळ्यात आत हचिसन एस्सारमधला ६७ टक्के वाटा.

प्राप्तिकर खात्याने नोटीस काढली. कोणाला? तर खरेदीदाराला! नफा हचिसनला झाला, मग नोटीस व्होडाफोनला का?

मला वाटतं, आपल्या करवसुलीची सगळी मेख इथेच आहे. प्रत्येक कमावणाऱ्याच्या मागे धावायला खात्याकडे माणसं कुठून येणार? म्हणून पैसे देणाऱ्यालाच सांगितलं जातं, कर कापून घे आणि सरकारात भर. पगारातून कापला जातो तो टीडीएस हाच. परदेशी कंपनीला पैसे देतानाही तेव्हाच्या कायद्यातल्या कलम १९५ प्रमाणे हेच बंधन होतं. विकणारा गाशा गुंडाळून गेला, पण घेणारा इथेच धंदा करणार होता. म्हणून त्याला धरलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि जे. पी. देवधर यांनी खात्याच्या बाजूने निकाल दिला. मागोमाग सुमारे ११,२०० कोटींची मागणी आली. पण २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन परदेशी कंपन्यांनी परदेशातल्या शेअरचा व्यवहार केला, त्यावर तेव्हाच्या कायद्याने कर लागत नव्हता. आणि करच नाही, तर कापायचा कसला?

इथे थांबता आलं असतं. कायद्यात भोक होतं, ते पुढच्यासाठी बुजवायचं. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी दुरुस्ती आणली, ती थेट १ एप्रिल १९६२ पासून लागू! म्हणजे पन्नास वर्षं मागे. बरं, न कापलेला कर मागे जाऊन कापणार कसा? पैसे तर केव्हाच देऊन झालेले.

याचा हिशेब पुढे चुकता झाला. सप्टेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादाने भारताविरुद्ध निकाल दिला. डिसेंबरमध्ये केर्न एनर्जीच्या अशाच प्रकरणातही तेच झालं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने जुन्या व्यवहारांवरची ती मागणी रद्द केली आणि वसूल केलेले पैसे, व्याज न देता, परत करायचं ठरवलं.

खात्याचा हेतू मला आजही चूक वाटत नाही. इथल्या ग्राहकांवर उभ्या राहिलेल्या किमतीतला काही वाटा इथे यावा, यात वावगं काय? आणि लक्षात घ्या, दुरुस्तीचा पुढच्या व्यवहारांपुरता भाग अजून शाबूत आहे. परदेशी शेअरची किंमत मुख्यतः भारतातल्या मालमत्तेवर उभी असेल, तर आज कर लागू शकतो, आणि सही करण्याआधीच घेणाऱ्या-विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. पैसे देणाऱ्याकडून वसुली करायची, तर त्याला कायदा आधी कळायला हवा. खिसा रिकामा झाल्यावर नाही.