थंडीत गाडीचं इंजिन किती वेळ गरम करायचं?

डिसेंबर उजाडला की हिंगोलीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. मग गल्लोगल्ली एक गोष्ट हमखास दिसते. गाडी सुरू करून ठेवलेली असते आणि मालक आत चहा घेत असतो. ‘इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही’ हा नियम बहुतेकांना वडिलांकडून मिळालेला आहे. वडिलांच्या गाडीसाठी तो बरोबरच होता. आजच्या गाडीला मात्र अर्धा ते एक मिनिट पुरतं.

अॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून जास्तीचं पेट्रोल सोडावं लागे. चोक लवकर आत ढकलला की गाडी पहिल्याच चौकात बंद! आता हे काम फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर करतात. सुरू केल्यावर इंजिनाचा आवाज आधी चढा असतो आणि थोड्या वेळात खाली येतो, तो त्यामुळेच. आवाज उतरला की निघायला हरकत नाही.

‘पण ऑइल वर चढायला वेळ लागतो ना?’ लागतो, पण काही सेकंदच. आताची ५डब्ल्यू-३० सारखी ऑइलं थंडीतही पातळ राहतात. यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा.

अर्थात, एका मिनिटात इंजिन पूर्ण तापत नाही. कूलंट ९० अंशांच्या आसपास पोहोचलं की इंजिन तापलं असं धरतात. गाडी चालवत असाल तर त्याला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ जातो. गाडी उभी ठेवली तर सगळंच लांबतं, कारण रिकाम्या इंजिनात इंधन कमी जळतं आणि उष्णताही कमी तयार होते. त्यात थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळत असतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. म्हणजे जपायला म्हणून केलेल्या गोष्टीनेच झीज वाढते. शिवाय छोटी पेट्रोल कार उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रोजची १० मिनिटं धरली तर महिन्याला अडीच ते पाच लिटर झाले.

त्यामुळे निघा, पण पहिली पाच-सात मिनिटं हळू चालवा. इंजिनाला रेस देऊ नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, निळा दिवा असतो. तो विझेपर्यंत तरी दमानं घ्या.

खरा त्रास वेगळाच आहे. हिंगोलीहून औंढा नागनाथला गेलात तर सुमारे २५ किलोमीटरमध्ये कूलंट आणि ऑइल दोन्ही नीट तापतात. ऑइलमध्ये साचलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन कधी तापतच नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरायची वाट न पाहता महिने मोजून बदलायला हवं. मॅन्युअलमध्ये ही मुदत दिलेली असते, ते पान सहसा कुणी उघडत नाही एवढंच.

हळद घेऊन मोंढ्यात येणाऱ्या डिझेल पिकअपचं थोडं निराळं आहे. चावी फिरवल्यावर कॉइलचा, म्हणजे ग्लो प्लगचा दिवा विझू द्यावा, मगच स्टार्टर मारावा. डिझेल इंजिन उभ्याने तर पेट्रोलपेक्षाही सावकाश तापतं, त्यामुळे तिथे ताटकळण्यात आणखीच अर्थ नाही. टर्बो असेल तर सुरुवातीला जोर लावू नये.

शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये गाडी मुळीच सुरू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. बंद जागेत तो थोड्या वेळात जीव घेऊ शकतो, आणि थंड इंजिनातून तो जास्तच निघतो, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतः तापल्याशिवाय काम करत नाही. गाडी रस्त्यावर असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ लागू होतं. लायसन्स असलेला माणूस चालकाच्या सीटवर नसेल, तर सार्वजनिक जागी उभ्या गाडीचं इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असायला हवा.