जाहिरातीबरहुकूम अर्ज

१४८२च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या एका तिशीतल्या चित्रकाराने मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे काम मागितलं. लेओनार्दो दा विंचीच्या त्या अर्जाचा मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात आजही आहे. त्यात चित्रकला येते ती अगदी शेवटी, ओझरती. आधी क्रमवार मांडलेत ते लढाईचे मुद्दे: उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढायची युक्ती, गारांसारखा दगडांचा मारा करणाऱ्या तोफा, नदीखालून जाणारी भुयारं, झाकलेले रथ. स्फोर्झाच्या दारात तेव्हा युद्ध होतं, हे अर्जदार पुरतं ओळखून होता. स्फोर्झाच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवायची तयारीही त्याने दाखवली. शंका असेल त्या गोष्टीचा प्रयोग तुमच्याच बागेत करून दाखवतो, असंही त्याने कळवलं. हा अर्ज मोलाचा वाटतो तो या शेवटच्या तयारीमुळे. समोरच्याची गरज ओळखून मांडणी बदलली, पण दाव्याची परीक्षा द्यायलाही माणूस तयार होता.

आपल्याकडे नोकरीच्या अर्जाला अशी मोकळीक फार काळ नव्हती. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी जुलै १९४५मध्ये सेवायोजन यंत्रणा उभी राहिली, १९४८मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि १९५९च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणं सरकारी आणि मोठ्या खासगी आस्थापनांना बंधनकारक झालं. उमेदवाराने नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, मुदतीत नूतनीकरण करायचं आणि ‘कॉल’ची वाट बघायची. खासगी नोकरीसाठी टायपिस्टकडून पानभर बायोडेटा करून घ्यायचा, त्याच्या प्रती काढायच्या आणि तोच कागद बँकेलाही, कारखान्यालाही धाडायचा. प्रत्येक जाहिरातीसाठी नवं पान टंकून घेणं कुणाला परवडणार?

मग वाचणाराच बदलला. १९८८मध्ये कॅलिफोर्नियात रेझ्युमिक्स ही कंपनी निघाली. कागदावरचा रेझ्युमे स्कॅन करायचा, अक्षरं ओळखायची आणि त्यातून कौशल्यं वेचून साठवायची, हे तिचं काम. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या उमेदवारांना त्यामुळे नवेच नियम पाठ करावे लागले. कागद पांढराशुभ्र हवा. घडी घालायची नाही, कारण घडीची रेघ ओळीवरून गेली की अक्षरं फुटतात. स्टेपलर नको, तिरकी अक्षरं नकोत. अधोरेखन तर मुळीच नको; रेघ अक्षरांच्या शेपट्यांना चिकटली की यंत्र भलतंच वाचतं. आपल्या कामाची नामं जाहिरातीत असतील तशीच लिहा, असाही सल्ला मिळे. जाहिरातीबरहुकूम रेझ्युमे करायची आजची रीत इथे घट्ट रुजली.

१९९४मध्ये मॉन्स्टर बोर्ड हे नोकऱ्यांचं संकेतस्थळ आलं, १९९७मध्ये भारतात नौकरी डॉट कॉम. अर्ज पाठवणं सोपं झालं, ढीग वाढले, आणि चाळणी लावणारी सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत सर्रास पसरली.

उमेदवाराच्या बाजूचं, म्हणजे जाहिरातीनुसार रेझ्युमे बेतून देणारं साधन त्याच चाळणीचं तत्त्व उलट वापरतं. शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त, ही कल्पना केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडली होती, तीही कागदपत्रं शोधण्यासाठी. ‘मेहनती’ हा शब्द जाहिरातीगणिक सापडतो, म्हणून त्याला किंमत नाही. ‘टॅली’ किंवा ‘सीएनसी’ मोजक्या जाहिरातींत येतात, म्हणून त्यांना आहे. साधन जाहिरातीतून असे शब्द काढतं, उमेदवाराच्या संपूर्ण नोंदीशी ताडून बघतं आणि जुळणाऱ्या ओळी वर आणतं. इथवर ती फक्त निवड असते.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि साधनं ओळी निवडण्याबरोबर त्या नव्याने लिहूही लागली. खरा धोका इथे आहे. ‘टॅलीत रोजच्या नोंदी केल्या’ या ओळीचं ‘टॅली प्रणाली राबवली’ व्हायला क्षणही लागत नाही, आणि मुलाखतीत त्याचं उत्तर द्यायची वेळ येते ती उमेदवारावर. म्हणून अशा साधनाचं दस्तऐवजीकरण ही केवळ तांत्रिक सोय मानता येणार नाही. प्रत्येक ओळ मूळ नोंदीतल्या कुठल्या ओळीवरून आली, कोणता शब्द बदलला, कुठल्या जाहिरातीला कोणती प्रत गेली आणि ती पाठवण्याआधी उमेदवाराने वाचली का, हे त्यात उतरलंच पाहिजे.

कंपन्यांच्या साधनांवर लक्ष गेलं ते ठेचा लागल्यावर. ॲमेझॉनच्या प्रायोगिक भरती-साधनाने स्त्रियांचे अर्ज मागे ढकलल्याचं रॉयटर्सने २०१८मध्ये उघड केलं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांची पक्षपातासाठी तपासणी सक्तीची झाली. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्याने अशी साधनं जास्त जोखमीच्या गटात टाकली.

उमेदवाराच्या साधनाच्या दस्तऐवजात मराठी माणसासाठी आणखी एक नोंद हवी: साधन कोणत्या लिपीवर तपासलं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला बायोडेटा डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि खुणांचा गुंता असतो. यंत्राला त्यात शिक्षण दिसत नाही, अनुभव दिसत नाही, नावसुद्धा दिसत नाही. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि त्यानंतर जोडाक्षरं, गावाचं नाव, गुण आणि तारखा एकदा माणसाने मूळ कागदाशी ताडून बघाव्या लागतात.