नवी पेठ सपाट आहे का?

नवी पेठ म्हणजे पुण्याची नव्हे, सोलापूरची. कापड, चपला, भांडी, आणि स्कूटर लावायला जागा नाही ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात (गर्दीने जाऊ दिलं तर), तरी पृथ्वी गोल असल्याचा पुरावा काही सापडत नाही. मग तिच्या नकाशाला प्रोजेक्शनची भानगड कशाला हवी?

प्रोजेक्शन म्हणजे काय, तर गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत. आपली कडक भाकरी चेंडूला गुंडाळायला जा, तुटणारच. उलटंही तसंच. त्यामुळे काय तुटू द्यायचं ते आधी ठरवायचं: आकार, क्षेत्रफळ की अंतर. सगळं एकदम वाचत नाही.

इंग्रजांच्या महसूल खात्याला आपल्याकडे ही अडचण आलीच नाही. प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली. हत्यार काय, तर ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. या गावनकाशांना प्रोजेक्शनच नव्हतं! जमीन सपाट धरली आणि मोजली. गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. मी हिशेब करून पाहिला: १० किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फरक पडतो साधारण एक मिलिमीटरचा. साखळीची कडी ताणली गेली तर यापेक्षा जास्त चूक होते.

लष्कराची गोष्ट वेगळी. त्यांना अख्खा देश एका सांगाड्यात बसवायचा होता. १८०२ साली लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो बीदरमार्गे उत्तरेला सरकत राहिला. १८२३ साली काम चालू असतानाच वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला तो वारला. (त्याचं थडगं तिथेच आहे. नागपूरकर मित्रांनो, कधी गेलायत?) त्याच्यानंतर एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे १८३० साली काढले, त्यांवर भारताचे नकाशे पुढे पावणेदोनशे वर्षं उभे राहिले.

या नकाशांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाने पॉलिकोनिक प्रोजेक्शन वापरलं. म्हणजे प्रत्येक अक्षांशाला स्वतंत्र शंकूची टोपी. एकेका शीटमध्ये चूक नगण्य, आणि शेजारच्या शीटची कड नीट जुळते. पण खूप शीट जमिनीवर मांडून जोडायला गेलात तर फटी पडतात. शीट एकेक करून वापरायची, तेव्हा हे चालून गेलं. सोलापूर ४७ ओ/१४ या शीटवर येतं, अगदी पूर्व कडेला. दहाएक किलोमीटर पुढे ७६ रेखांश लागतो, आणि तिथून ५६ क्रमांकाचा गठ्ठा सुरू! त्यामुळे सोलापूर-अक्कलकोट हा एवढासा रस्ता बघायला दोन गठ्ठ्यांतली शीट काढावी लागत. शिवाय एव्हरेस्टची पृथ्वी आणि जीपीएसची पृथ्वी एक नाही. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये टाकले तर सोलापुरात शंभर मीटरच्या पुढे घसरगुंडी होते. नवी पेठेत एवढ्यात बोळ बदलतो.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीची शीट यूटीएमवर आणली. सहा-सहा अंशांचे उभे पट्टे. आपला पट्टा ४३, मध्यरेषा ७५ रेखांश. सोलापूर तिच्यापासून शंभर किलोमीटरच्या आतच. इथे १ किलोमीटरमागे ३० सेंटिमीटर कमी भरतात, म्हणजे शंभर चौरस मीटरचं दुकान ९९.९४ भरेल. कुणी भांडणार नाही. पण आडव्या पसरलेल्या महाराष्ट्राला हे कापड पुरत नाही. ७८ रेखांशाला पट्टा संपतो, नागपूर ४४ मध्ये जातं. अख्ख्या राज्यासाठी मला लँबर्टचा शंकूच बरा वाटतो.

आणि आता आपण सगळे वापरतो ते, वेब मर्केटर. मर्केटरने १५६९ साली हे खलाशांसाठी काढलं, दिशा चुकू नये म्हणून. गूगल मॅप्स २००५ साली आलं तेव्हा वेगळं प्रोजेक्शन होतं. पण त्यात स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांत चौक काटकोनात दिसेनात, म्हणून ते मर्केटरवर गेले. बघण्यासाठी उत्तम. ईपीएसजीच्या मंडळींनी आधी याला क्रमांक द्यायलाच नकार दिला, तेव्हा प्रोग्रामर लोकांनी स्वतःच ९००९१३ असा ठेवून दिला. (आकडे इंग्रजी अक्षरांसारखे वाचा, गूगल दिसेल.)

पण बघायच्या नकाशावर लोक मोजायला लागतात. सोलापूरच्या अक्षांशावर वेब मर्केटर लांबी ५ टक्के फुगवतो, म्हणजे क्षेत्रफळ १० टक्के. तेच शंभर चौरस मीटरचं दुकान थेट ११० होतं. अशा आकड्यावर कोणी घरपट्टी लावली किंवा खरेदीखत केलं, तर दहा चौरस मीटर हवेचे पैसे कुणीतरी मोजणार. आणि चूक सगळीकडे सारखीही नाही, की एकदा दहा टक्के वजा केले आणि सुटलो. तोच कोड कन्याकुमारीला २ टक्के जास्त सांगतो आणि श्रीनगरला ४५.

उपाय एका ओळीचा आहे. पोस्टजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढण्याआधी आकृती ३८५७ मधून ३२६४३ मध्ये न्यायची. दाखवायला मात्र ३८५७ च ठेवा, नाहीतर मागचा नकाशा आणि दुकान यांची गाठ पडायची नाही.